जे कानावर पडतं, ते नजरेस पडू द्या : ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणाऱ्यांना खुले पत्र

ऑनलाइन अभ्यासक्रम आखणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि त्यांना मान्यता देणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी कर्णबधिर आहे. तीन वर्षांची असताना मेंदूज्वर झाला आणि त्यात ऐकू येणं गेलं. ओठ वाचते, खुणांच्या भाषेत बोलते आणि मराठी लिहिते-वाचते. आजवर चार ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केले आणि पाचवा अर्ध्यावर सोडला. आता एका अभ्यासक्रमात कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या गटाला मदत करणारी सहशिक्षिका म्हणून काम करते. हे पत्र त्या सोडलेल्या पाचव्या अभ्यासक्रमामुळे लिहिते आहे.

विषय संख्याशास्त्राचा होता. व्याख्यानांना कॅप्शन, म्हणजे बोललेलं पडद्यावर दाखवणारी अक्षरं, होते आणि तेही चांगले. कुणीतरी माणसाने बसून तपासलेले आहेत हे दोन मिनिटांत कळत होतं. मी खूश झाले. पहिल्याच आठवड्यात शिक्षकांनी विद्यार्थ्यांचा एक गट तयार केला आणि म्हटलं, शंका इथेच विचारा, एकमेकांशी बोला, खरं शिकणं इथेच होईल. ते खरंच होतं. तीन दिवसांत तो गट व्हॉइस नोटांनी भरून गेला. टाइप करायला कंटाळा येतो, बोलणं सोपं पडतं. त्यात कुणाचा दोष नाही.

तिसऱ्या आठवड्यात शिक्षकांची एक नोट आली. एक मिनिट चौदा सेकंद. निळ्या उभ्या रेघांची ती पट्टी मी कितीतरी वेळ बघत बसले होते. मध्ये रेघा उंच होत्या, शेवटी अगदी बुटक्या. खाली उत्तरं येत गेली : ‘धन्यवाद सर’, ‘हुश्श!’, ‘आता समजलं’. मी लिहिलं, ‘कुणी लिहून सांगेल का?’ एका भल्या मुलीने लगेच उत्तर दिलं, ‘अगं विशेष काही नाही, कालच्या गणिताबद्दल आहे.’ पुढे गुण आले तेव्हा शेऱ्यातून कळलं की त्या गणितातली आकडेवारी बदलली होती. मी जुनंच सोडवून पाठवलं होतं.

गुण गेले म्हणून मी अभ्यासक्रम सोडला नाही. पाच आठवडे झाले तरी बाकीच्यांना काय अवघड जातंय, कशावर वाद चाललाय, कोणाची कुठली युक्ती सगळ्यांनी उचलली, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. व्याख्यान माझ्यापर्यंत पूर्ण पोचत होतं. वर्ग मात्र पोचतच नव्हता.

माणूस मुद्दाम शिकवलेल्या गोष्टी शिकतो त्याहून कितीतरी जास्त ‘कानावर पडलं’ म्हणून शिकतो. हा वाक्प्रचार आपण दिवसातून दहादा वापरतो. सहज कानावर आलं. कानावर होतं माझ्या. व्हरांड्यातून जाताना, चहाच्या वेळी, मागच्या बाकावरच्या कुजबुजीतून. माझ्या कानावर काही पडत नाही. मला जे कळतं ते कुणीतरी ठरवून माझ्याकडे तोंड करून सांगितलेलं असतं. अमेरिकेत झालेल्या मोजणीत असं दिसलं की दहा कर्णबधिर मुलांमधली नऊहून अधिक मुलं ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्माला येतात. म्हणजे आमच्यातल्या बहुतेकांचं लहानपण अशा घरात गेलेलं असतं जिथे चार माणसं बोलत असतात, एकदम हसतात, आपण विचारतो ‘काय झालं?’ आणि आई मायेने म्हणते, ‘नंतर सांगते हं.’ ते नंतर येत नाही, आणि आलं तरी एका वाक्यात येतं. ‘विशेष काही नाही’ हे वाक्य मी त्या गटात वाचलं तेव्हा ते मला अगदी लहानपणापासून ओळखीचं होतं.

म्हणून माझी मागणी एकच आहे, बाकी सगळं त्यातूनच निघतं : जे इतरांच्या कानावर पडतं ते आमच्या नजरेस पडू द्या. तुमचा विद्यार्थ्यांचा गट, त्यातली चर्चा, प्रतिक्रिया, व्हिडिओ, आपापसातल्या गप्पा हा अभ्यासक्रमाच्या बाहेरचा भाग धरू नका. तो अभ्यासक्रम आहे असं समजून डोळ्यांसाठी बांधा.

आजवर सगळा लढा कॅप्शनसाठी झाला, आणि तो सोपा नव्हता. फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्णबधिर संघटनेने तिथल्याच हार्वर्ड आणि एमआयटी या दोन्ही नामवंत संस्थांवर खटले भरले, कारण जगाला मोफत म्हणून खुल्या केलेल्या त्यांच्या कितीतरी ऑनलाइन व्हिडिओंना कॅप्शन नव्हते किंवा वाचण्याजोगे नव्हते. हार्वर्डशी तडजोड झाली नोव्हेंबर २०१९ मध्ये आणि एमआयटीशी फेब्रुवारी २०२० मध्ये. पाच वर्षं लागली. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत आधी ध्वनिमुद्रित केलेल्या व्हिडिओंचे कॅप्शन सर्वांत पहिल्या पायरीवर आहेत, थेट प्रक्षेपणाचे कॅप्शन दुसऱ्या पायरीवर आणि सांकेतिक (खुणांच्या) भाषेतला अनुवाद तिसऱ्या, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीवर. व्यवहारात संस्था दुसऱ्या पायरीपर्यंत जातात आणि ‘आमचा अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला आहे’ असं जाहीर करतात. या सगळ्यात हिशेब धरला जातो तो संस्थेने प्रसिद्ध केलेल्या साहित्याचा. चाळीस विद्यार्थी रात्री अकरा वाजता एकमेकांशी काय बोलतात, हे त्या तपासणीत कुठे येतच नाही.

ते किती महत्त्वाचं असतं याचं मला माहीत असलेलं सर्वांत मोठं उदाहरण मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा या देशाचं आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या राजधानीत, मनाग्वामध्ये, कर्णबधिर मुलांना पहिल्यांदाच मोठ्या संख्येने एका शाळेत आणलं गेलं. वर्गात शिक्षक ओठवाचन आणि स्पॅनिश शिकवत होते. त्यातून फारसं काही हाती लागलं नाही. पण मधल्या सुट्टीत, मैदानावर, येण्याजाण्याच्या बसमध्ये मुलं आपापल्या घरच्या मोडक्यातोडक्या खुणा एकत्र करत होती. त्यातून एक नवी भाषा उभी राहिली. नंतर आलेल्या लहान मुलांनी ती आणखी नेमकी, आणखी गुंतागुंतीची केली. १९८६ मध्ये अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ज्यूडी केगल तिथे पोचल्या तेव्हा शिक्षकांना न कळणारी एक पूर्ण भाषा त्या मुलांच्या हातात होती. वर्गाच्या चार भिंतींत जे झालं नाही ते बसमध्ये झालं. ऑनलाइन अभ्यासक्रमात ती बस म्हणजे तुमचा गट.

आणि ही बस आम्हाला चालते, हे आधी सांगायला हवं. सोशल मीडियाची साधनं कर्णबधिरांच्या विरोधात नाहीत. नीट वापरली तर आजवरच्या कुठल्याही वर्गापेक्षा ती आम्हाला सोयीची आहेत. समोरासमोरच्या चर्चेत दुभाष्याच्या खुणा बोलण्याच्या मागून येतात, थेट कॅप्शनही काही सेकंद मागे असतात. मी हात वर करेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. लिहून चाललेल्या, ज्याच्या-त्याच्या वेळेने वाचायच्या चर्चेत मात्र सगळेच उशिरा येतात. तिथे माझा उशीर दिसत नाही. मी दोनदा वाचू शकते, शोधू शकते, कोण कोणाला उत्तर देतंय हे डोळ्यांनी बघू शकते.

म्हणूनच व्हॉइस नोटेचं मला इतकं लागतं. टेलिफोन १८७६ मध्ये आला. ज्याच्या नावावर त्याचं पेटंट आहे तो अलेक्झांडर ग्रॅहम बेल कर्णबधिर मुलांचा शिक्षक होता. त्याच टेलिफोनने आम्हाला अठ्ठ्याऐंशी वर्षं बाहेर ठेवलं. १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्त या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने टेलिफोनच्या तारेवरून टाइप केलेली अक्षरं पाठवण्याचा मार्ग काढला, तेव्हा आमच्यासारख्या माणसांना पहिल्यांदा घरबसल्या दुसऱ्याशी बोलता आलं. मग मोबाइलवरचे लिखित संदेश आले आणि ऐकणारे आणि न ऐकणारे एकाच साधनावर, एकाच वेगाने बोलू लागले. माझ्या पिढीला त्याचं किती अप्रूप होतं हे सांगता येणार नाही. मी दुकानदाराला, मैत्रिणीला, वडिलांना स्वतः निरोप पाठवत होते. आता त्याच पडद्यावर, त्याच गटात आवाज परत आला आणि हातातलं साधन पुन्हा टेलिफोन झालं.

व्हॉइस नोटा बंद करा असं मी म्हणत नाही. वर्गात अंध विद्यार्थी असतात, लिहिणं जड जाणारे असतात. त्यांना आवाज हवा. नोटेखाली दोन ओळी लिहा, एवढंच. फोनवर बोलून टाइप होतं. एकदा वाचा, चुकलेली नावं आणि आकडे दुरुस्त करा आणि पाठवा. ते वाचून बघणं मात्र टाळू नका, कारण यंत्र नेमकं पारिभाषिक शब्दांवर अडखळतं आणि ‘मध्यक’च्या जागी ‘माध्यम’ लिहून मोकळं होतं. ही सवय पहिल्या दिवशी शिक्षकाने स्वतः लावली तर गट ती उचलतो. तिसऱ्या आठवड्यात कर्णबधिर मुलीने मागितली तर ती ‘हिच्यासाठी केलेली सोय’ होते आणि चार दिवसांत मागे पडते.

आता एक अवघड गोष्ट. सगळं लिखित केलं की झालं, असं नाही. आमच्यातल्या अनेकांसाठी लिखित मराठी, हिंदी किंवा इंग्रजी ही दुसरी भाषा आहे, कधी कधी तिसरी. जी भाषा कधी ऐकलीच नाही तिचे प्रत्यय, तिची लिंगं, क्रियापदाचे शेवट केवळ डोळ्यांनी पाठ करावे लागतात. खुणांच्या भाषेचं व्याकरण वेगळं आहे : तिथे जागा बोलते, नजर बोलते, भुवया बोलतात. ती जगात सगळीकडे एकच आहे असंही नाही. अमेरिकन आणि ब्रिटिश माणसं एकच इंग्रजी बोलतात, पण त्यांच्या सांकेतिक भाषा एकमेकांना कळत नाहीत. अशा भाषेत विचार करणारा विद्यार्थी चर्चेत दोन ओळी लिहितो, त्यात ‘ची’च्या जागी ‘चा’ पडतो, आणि खाली कुणीतरी हसणारा चेहरा टाकतं. तो विद्यार्थी पुन्हा लिहीत नाही. मी असे चार जण गप्प होताना पाहिले आहेत. विषय भाषेचा नसेल तर चर्चेतल्या नोंदींचं व्याकरण तपासू नका आणि इतरांनाही तपासू देऊ नका.

त्याहून महत्त्वाचं, सांकेतिक भाषेतलं उत्तर हे उत्तर म्हणून स्वीकारा.

मी आता ज्या अभ्यासक्रमात मदत करते तिथे पहिल्या वर्षी नियम होता : दर आठवड्याला चर्चेत लेखी नोंद, किमान १५० शब्द. प्रश्न होता की सरासरी आणि मध्यक यांत फरक काय. एका मुलीने गटात अठ्ठेचाळीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला. तिने हवेत, छातीसमोर, एका ओळीत पाच ठिकाणी बोट टेकवलं : पाच माणसांची कमाई. खुणांच्या भाषेत अशी ठेवलेली जागा तिथेच राहते, बघणाऱ्याला ती दिसत राहते. मग तिने शेवटचा ठिपका चिमटीत उचलला आणि हात पूर्ण लांबवून दूर उजवीकडे नेऊन ठेवला. एक माणूस एकदम श्रीमंत झाला. मग डावा तळवा फळीसारखा त्या ओळीखाली धरला, खाली उजव्या हाताचं बोट टेकू म्हणून लावलं. फळी उजवीकडे कलली. तिने टेकू हळूहळू उजवीकडे सरकवत नेला, फळी समतोल होईपर्यंत. ही सरासरी. मग तेच बोट मागे आणलं आणि मधल्या, तिसऱ्या ठिपक्यावर दोनदा टेकवलं. हा जागचा हलला नाही. हा मध्यक. आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून भुवया उंचावल्या : यांची खरी परिस्थिती कोण सांगतं?

मी संख्याशास्त्राची चार पुस्तकं वाचली आहेत. इतकं स्वच्छ स्पष्टीकरण मला कुठे दिसलं नव्हतं. मी त्याखाली मराठीत कॅप्शन लिहिले. वर्गातल्या ऐकणाऱ्या तीन विद्यार्थ्यांनी लिहिलं की आम्हाला हे आज कळलं. गुणपत्रकात मात्र त्या उत्तरासाठी रकाना नव्हता. शिक्षकांनी मोकळेपणाने ते मान्य केलं आणि पुढच्या आठवड्यापासून नियम बदलला : लेखी १५० शब्द किंवा सांकेतिक भाषेत एक मिनिट. हे एका वाक्याचं काम होतं.

‘कृपया लेखी द्या’ या तीन शब्दांमागे मोठा इतिहास आहे, म्हणून ते आम्हाला जिव्हारी लागतात. १८८० मध्ये मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. शाळांमधून खुणांची भाषा हद्दपार करून फक्त बोलणं शिकवायचं, असा ठराव तिथे झाला. मत देणाऱ्यांत कर्णबधिर जवळजवळ कुणीच नव्हतं. त्यानंतर कित्येक पिढ्यांच्या मुलांना वर्गात हात वापरल्याबद्दल शिक्षा झाली. याच मालिकेतल्या परिषदेने २०१० मध्ये व्हँकुव्हरला त्याबद्दल खेद व्यक्त केला. मधल्या १३० वर्षांत कर्णबधिर गप्प बसले नव्हते. आपली भाषा कागदावर उतरत नाही, पण फिल्मवर उतरते, हे अमेरिकेतल्या कर्णबधिर संघटनेने फार लवकर ओळखलं. वर्गणी जमवून तिने उत्तम खुणा करणाऱ्यांची चित्रीकरणं करून ठेवली. तिचे माजी अध्यक्ष जॉर्ज व्हेडिट्झ १९१३ मध्ये असेच कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि आपली भाषा जपा असं हातांनी सांगितलं. ते आजही बघता येतं. माझ्या विद्यार्थिनीचा अठ्ठेचाळीस सेकंदांचा व्हिडिओ त्याच घराण्यातला आहे. आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा जो करार आहे, त्यात ‘भाषा’ या शब्दाच्या व्याख्येतच बोलल्या जाणाऱ्या भाषांबरोबर सांकेतिक भाषा धरल्या आहेत. आपण एका भाषेतलं उत्तर नाकारतो आहोत, हे ध्यानात असू द्या.

व्हिडिओच्या काही व्यावहारिक बाबी सांगते, कारण त्या न कळल्यामुळे चांगले प्रयत्न फसलेले मी पाहिले आहेत. खुणा वाचायला चित्र मोठं असण्यापेक्षा ते अखंड वाहणारं असावं लागतं. सेकंदाला पंचवीस-तीस चौकटी (फ्रेम) असल्या की बोटं स्वच्छ दिसतात. साधन जागा वाचवण्यासाठी चौकटी गाळू लागलं की बोटांचा नुसता धूर दिसतो. नेट कमी असेल तर व्हिडिओ लहान करा, चित्राचा आकार कमी करा, चौकटी गाळू नका. डोक्यापासून कमरेपर्यंत माणूस दिसला पाहिजे, उजेड चेहऱ्यावर हवा, पाठीमागे खिडकी नको. कोपऱ्यातल्या टपाल तिकिटाएवढ्या खिडकीत दुभाषी बसवून उपयोग नाही.

दुसरी बाब जास्त नाजूक आहे. लिहिणारा टोपणनावाने लिहू शकतो. खुणा करणारा नाही. चेहरा हा आमच्या व्याकरणाचा भाग आहे. तो झाकला तर प्रश्न आणि विधान यांतला फरकच जातो. म्हणजे सांकेतिक भाषेतली प्रत्येक शंका, प्रत्येक चूक चेहऱ्यासकट टाकावी लागते. म्हणून कुणालाही अशा नोंदी सार्वजनिक सोशल मीडियावर टाकायला भाग पाडू नका. अभ्यासक्रमापुरता बंद गट ठेवा, तिथले व्हिडिओ कोण बघणार, किती दिवस राहणार, बाहेर पाठवायला मनाई आहे का, हे आधीच लिहून सांगा. आमच्या एका मुलीचा अडखळलेला व्हिडिओ कुणीतरी उचलून गंमत म्हणून बाहेर फिरवला होता. ती त्यानंतर महिनाभर फक्त लिहीत होती.

आणि साधनाच्या प्रेमात पडू नका. फ्लिपग्रिड नावाचं व्हिडिओतून चर्चा करायचं एक साधन शिक्षकांत फार लोकप्रिय होतं, आणि कर्णबधिर मुलांच्या वर्गांना ते शोभणारंही होतं. मायक्रोसॉफ्टने ते २०१८ मध्ये घेतलं आणि २०२४ मध्ये त्याची स्वतंत्र आवृत्ती बंद केली. आज ज्या गटात तुमचं सगळं आहे तो उद्या नसेल. मुलांचं काम बाहेर काढून जपून ठेवण्याची सोय आधी बघा.

जपून ठेवण्यासारखं काय असतं, ते सांगते. आमच्या भाषेत अनेक शास्त्रीय शब्दांना ठरलेल्या खुणा नाहीत. ‘प्रमाण विचलन’ (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) आलं की आम्ही ते एकेक अक्षर बोटांनी लिहितो, दरवेळी, आणि पाचव्यांदा कंटाळून काहीतरी तात्पुरती खूण करतो. दर वर्गात वेगळी खूण. माझ्या गटात आम्ही प्रत्येक नव्या शब्दासाठी चर्चेचा एक वेगळा धागा उघडतो. कुणी एक खूण सुचवतं, कुणी म्हणतं हात इथून सुरू व्हायला हवा, नाहीतर ‘पसरणे’ आणि ‘तुटणे’ यांत घोळ होतो. दोन-तीन दिवस व्हिडिओंची देवाणघेवाण चालते आणि एक खूण स्थिरावते. ती शेवटी वर टाचून ठेवतो. प्रमाण विचलनाची आमची खूण मधल्या बोटापासून दोन्ही हात थरथरत बाहेर जाणारी आहे; ज्याने ती सुचवली तो मुलगा तोवर गटात एकदाही बोलला नव्हता. खूण ठरवायची तर संकल्पना पूर्ण समजावी लागते. माझ्या अनुभवात त्या दोन दिवसांत मुलं जितकं शिकतात तितकं आठवडाभराच्या व्याख्यानांत शिकत नाहीत. पुढच्या तुकडीला हा कोश आयता मिळतो. हे काम सोशल मीडियासारख्या साधनाशिवाय होऊच शकत नाही, कारण ते करणारी माणसं एका गावात, एका कॉलेजात कधी नसतात.

इथेच मला तुमच्याकडून सर्वांत मोठी अपेक्षा आहे. समोरासमोरच्या वर्गात कर्णबधिर विद्यार्थी बहुधा एकटा असतो, चाळीसात एक. ऑनलाइन वर्गाला अंतराची अडचण नाही. मग तिथेही आम्हाला एकेकटं, वेगवेगळ्या तुकड्यांत का टाकता? नाव नोंदवताना विचारा, ज्यांची इच्छा असेल त्यांना एका तुकडीत आणा. ऐकणाऱ्यांपासून वेगळं काढा असं मी म्हणत नाही. पाच-सहा जण मिळून त्या मोठ्या वर्गात असू द्या. एकटा असताना जो ‘समजलं’ म्हणून मान डोलावतो, तो आपल्यासारखे चार जण दिसले की ‘नाही समजलं’ म्हणतो. आणि शक्य तिथे शिकवणाऱ्यांतही एक कर्णबधिर माणूस ठेवा.

थेट भरणाऱ्या वर्गाबद्दल थोडंच सांगते. तुम्ही बोलता बोलता आकृती दाखवता, तेवढ्यात चर्चेच्या चौकटीत प्रश्न येतात. ऐकणारा आकृतीकडे बघत तुमचं ऐकतो. मला एकच डोळ्यांची जोडी आहे. त्याच वेळी आकृती, दुभाषी किंवा कॅप्शन आणि प्रश्न, तिन्ही बघता येत नाही. आकृती दाखवा, थांबा, दहा सेकंद बघू द्या, मग बोला. बोलणाऱ्याची चौकट आपोआप मोठी होण्याची जी सोय असते ती बहुधा आवाजावर चालते, त्यामुळे खुणा करणारा विद्यार्थी बोलत असताना पडद्यावर भलताच कुणीतरी मोठा होतो, ज्याच्या खोलीत पंखा वाजतोय. तेव्हा खुणा करणाऱ्याची चौकट हाताने मोठी करा. आणि ‘तू ओठ वाचतेस ना, मग?’ असं कृपा करून विचारू नका. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता तीन शब्द म्हणून पाहा : पापा, बाबा, मामा.

कामाचा भार वाढेल, अशी तुमची काळजी असेल. ती खरी आहे. सांकेतिक भाषेतली उत्तरं तपासायला ती भाषा जाणणारं माणूस लागेल, त्यांना कॅप्शन लावायला वेळ लागेल. तो वेळ पगारी असला पाहिजे आणि संस्थेच्या अंदाजपत्रकात पहिल्यापासून असला पाहिजे. सध्या तो भार जातो वर्गातल्या त्या एका मुलीवर, जिला दोन्ही भाषा बऱ्या येतात. ती सगळ्यांसाठी अनुवाद करत बसते आणि तिचा स्वतःचा अभ्यास रात्री दोन वाजता सुरू होतो. मी ती मुलगी होते.

सगळे कर्णबधिर सारखे नाहीत, हेही लक्षात असू द्या. काहींनी कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) बसवलं आहे आणि ते बोलतात, त्यांना कॅप्शन पुरतात. काहींना ऐकू येणं मोठेपणी गेलं, त्यांना खुणा येत नाहीत. काहींना ऐकू येत नाही आणि दिसतही नाही. ते ब्रेल पडद्यावर बोटांनी वाचतात, त्यांना व्हिडिओखालचा मजकूर हाच एक आधार. कोणाला काय हवं ते पहिल्या आठवड्यात विचारा, खासगीत, आणि महिन्याने पुन्हा विचारा. पहिल्यांदा विचारल्यावर आम्ही बहुतेक ‘चालेल’ असंच म्हणतो.

ती एक मिनिट चौदा सेकंदांची नोट अजून माझ्याकडे आहे. फोन बदलला तेव्हाही मी ती जपून नव्या फोनवर घेतली. मागच्या महिन्यात एका सहकाऱ्याला विनंती केली की यात जे आहे ते जसंच्या तसं लिहून दे. त्याने अर्धं पान लिहून दिलं. आधी बदललेली आकडेवारी होती, मग रविवारची मुदत. त्यानंतर, जिथे रेघा बुटक्या होत्या तिथे, शिक्षक म्हणाले होते : ‘आणि ज्यांचं उत्तर उणे आलंय त्यांनी घाबरू नका. ही चूक दरवर्षी निम्मा वर्ग करतो. मीही केली होती.’

माझं उत्तर उणे आलं होतं. दोन रात्री मी ते गणित पुन्हा पुन्हा करून पाहत होते आणि आपल्याला हा विषय झेपणार नाही असं मनाशी म्हणत होते.

तुमची पुढची तुकडी सुरू होईल तेव्हा गटातला पहिला निरोप लिहून टाका. या पत्राचं उत्तर द्यायचं असेल तर तेही लिहून किंवा खुणांच्या भाषेत व्हिडिओ करून पाठवा. दोन्ही मी वाचेन.

कळावे,

आपली,
एक कर्णबधिर विद्यार्थिनी आणि सहशिक्षिका